शेजारणीच्या तळघरातली बेगमी

यूटावाली_सायली | शनिवार, रात्री ११:२०

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. परवा तळघर आवरताना तो गव्हाचा डबा पुन्हा हाताला लागला, म्हणून आज बसलेच.

आम्ही अमेरिकेत, यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला राहतो. आजूबाजूला बहुतेक मॉर्मन या ख्रिस्ती पंथातली कुटुंबं. (आता त्यांच्या चर्चला हे नाव नको असतं, 'लॅटर-डे सेंट्स' म्हणा म्हणतात. पण शेजारची आजी सवयीने स्वतःला मॉर्मनच म्हणते, म्हणून मीही.) १८ मार्च २०२० ला सकाळी सातच्या सुमारास इथे ५.७ चा भूकंप झाला. कोविडच्या धास्तीने दुकानांतलं पाणी, पीठ, तांदूळ आधीच गायब झालं होतं. शहरातल्या त्यांच्या मुख्य मंदिराच्या शिखरावर सोनेरी देवदूत आहे, त्याच्या हातातली तुतारी हादऱ्याने खाली पडली. मी भांबावून अंगणात उभी, पायात एकच चप्पल. आजी गाऊनवर जॅकेट चढवून कुंपणाशी आली. मला वाटलं विचारेल, लागलं का कुठे. तर म्हणाली, "घरात पाणी किती आहे?"

पाणी म्हणजे नळाला येतं तेवढं. मग ती मला तिच्या तळघरात घेऊन गेली.

आपल्याकडे सुगीनंतर वर्षाचं भरतात ते मी आजोळी पाहिलंय, पण हे प्रकरण वेगळं होतं. भिंतभर रॅक, त्यावर पत्र्याचे सीलबंद डबे: गहू, ओट, पांढरा तांदूळ, राजमा, साखर, मीठ, दुधाची भुकटी. प्रत्येकावर मार्करने भरल्याची तारीख. कोपऱ्यात पाण्याची निळी पिंपं आणि हाताने फिरवायची पिठाची चक्की. तिने गव्हाचा एक डबा माझ्या हातात ठेवला. त्यावर १९९४ लिहिलेलं होतं.

तिला विचारलं, एवढं कशासाठी? युद्ध? प्रलय? ती म्हणाली, "नवऱ्याची नोकरी दोनदा गेली. दोन्ही वेळा आम्ही इथूनच खाल्लं." प्रलयाबिलयाबद्दल अवाक्षर नाही.

पण या सवयीचं मूळ नुसतं नोकरीत नाही. हा पंथ १८३० साली न्यूयॉर्क राज्यात सुरू झाला. १८३८ मध्ये मिसूरीच्या गव्हर्नरने लेखी हुकूम काढला की या लोकांना शत्रू समजावं, राज्याबाहेर हाकलावं नाहीतर नायनाट करावा. तो हुकूम अधिकृतपणे मागे घेतला गेला १९७६ मध्ये! मिसूरीतून निघून ते इलिनॉयला गेले, तिथे नावू नावाचं शहर वसवलं. १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात घुसून त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला मारलं, आणि १८४६ च्या ऐन थंडीत मिसिसिपी ओलांडून पुन्हा पळापळ. २४ जुलै १८४७ ला ते या खोऱ्यात पोचले. तो दिवस आजही इथे सरकारी सुट्टीचा असतो. पहिल्या वर्षांत खायला नव्हतं तेव्हा सेगो लिली नावाच्या रानफुलाचे कंद उकरून खाल्ले. आज ते यूटाचं राज्यफूल आहे.

तर प्रश्न असा. ज्या समाजाला बाजारातून, गावातून, राज्यातून एकदा बाहेर काढलं गेलंय, तो पुढच्या वेळेची तयारी कशी करतो? आणि त्या तयारीने तो समाज कसा होतो? तुमचं वाचन, अनुभव लिहा. 'अमेरिकन लोक वेडेच' एवढंच लिहायचं असेल तर कृपया राहू द्या.

खडूस_काका | शनिवार, रात्री ११:४१

वेडे कशाला म्हणू? आमच्या वाड्यात धान्य साठवायला भिंतीत बळद होतं आणि अंगणात जमिनीखाली पेव. पेव उघडलं की आधी कंदील खाली सोडायचे, विझला तर माणूस उतरवायचा नाही. 'पेव फुटलंय' हा शब्द तुम्ही लोक आता कोचिंग क्लासबद्दल वापरता. तो आला तिथून.

पण तीस वर्षांचा गहू? आमच्याकडे कडुलिंबाचा पाला, राख सगळं घालून दुसऱ्या पावसाळ्यात सोंडे व्हायचे.

यूटावाली_सायली | शनिवार, रात्री ११:५८

काका, डब्यात प्राणवायू शोषणारी पुडी टाकून सील करतात. प्राणवायूच नाही तर सोंडे जगणार कसे? तुमचा कंदील विझायचा तेच तत्त्व. गहू, पांढरा तांदूळ, डाळी-कडधान्यं कोरडी आणि थंड ठेवली तर तीस वर्षं टिकतात असं त्यांचं चर्चच सांगतं. ब्राऊन राइस मात्र चालत नाही, त्यातलं तेल खवट होतं. हिशेबही ठरलेला: मोठ्या माणसाला महिन्याला साधारण ११ किलो धान्य आणि सव्वादोन किलो कडधान्य.

१९९४ च्या गव्हाच्या पोळ्या मी केल्या. कणीक तासभर भिजवावी लागली, पोळी जरा वातड, पण चवीला चक्क बरी. नवऱ्याला दोन खाऊन झाल्यावर सांगितलं.

मधुरा_के | रविवार, सकाळी ७:१५

बिचारे दादा 😄

वाचतेय. पण सगळ्यांनाच हे परवडतं का? एक वर्षाचं सामान म्हणजे केवढी रक्कम, आणि तळघर हवं ते वेगळंच.

यूटावाली_सायली | रविवार, सकाळी ८:०२

मधुरा, हाच प्रश्न मी आजीला विचारला होता. पूर्वी 'वर्षाचं भरा' असाच आदेश होता. २००७ पासून सूर बदलला: आधी रोजच्या जेवणातलं तीन महिन्यांचं जमवा, पाणी ठेवा, थोडे पैसे बाजूला टाका, कर्ज फेडा, मग जागा आणि ऐपत असेल तर टिकाऊ धान्य. कर्ज काढून धान्य भरू नका हे स्पष्ट सांगतात.

आणि घरातलं धान्य हा फक्त पहिला थर. खरी यंत्रणा त्यामागे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणं सोडायची आणि त्यांचे वाचलेले पैसे वॉर्डाच्या मदतनिधीत द्यायचे. (आपली एकादशी दुप्पट खाशी असते तसं नाही.) हे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून वेगळं. वॉर्ड म्हणजे चारपाचशे माणसांचा गट, त्याचा प्रमुख तो बिशप. बिशपला पगार नसतो. आमच्या इथला दातांचा डॉक्टर आहे. घरात अडचण आली की बाई किंवा बुवा त्याच्याकडे जातात, तो यादी करून सही देतो, ती यादी चर्चच्या कोठारात दाखवायची आणि सामान आणायचं. तिथे गल्लाच नाही. सामान न्यायचं आणि जमेल तसं काम करून द्यायचं: डबे भर, फळं निवड.

चौकस_नाना | रविवार, सकाळी ९:३०

सायली, छान धागा. हे कोठार आलं १९३० च्या मंदीतून. १९३३ च्या आसपास यूटात दर तिघांत एकाहून जास्त माणूस बेकार होता, देशातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी एक. सॉल्ट लेकच्या पायोनियर स्टेक नावाच्या गरीब भागात हॅरॉल्ड ली हा तरुण प्रमुख होता. त्याने बेकार माणसांना शेतांवर पाठवलं. शेतकऱ्याला भाव मिळत नसल्याने माल तोडणंही परवडत नव्हतं, तो माल यांनी मजुरीच्या बदल्यात आणला आणि गोदामात भरला. पुढे १९३६ मध्ये साऱ्या चर्चने ती पद्धत उचलली. १९४० ची १७८ फुटी धान्याची कोठी आजही शहरात उभी आहे. ली पुढे चर्चचा अध्यक्ष झाला.

पण मला जास्त रस त्याआधीच्या गोष्टीत आहे. १८६९ मध्ये रेल्वे यूटाला पोचणार हे दिसत होतं. बाहेरचा स्वस्त माल आणि बाहेरचे व्यापारी आले की आपला पैसा आणि मग आपली माणसं हातची जाणार, ही जोसेफ स्मिथनंतरचा त्यांचा नेता ब्रिगहॅम यंग याची भीती. म्हणून १८६८ मध्ये सहकारी भांडार काढलं, झेडसीएमआय. आपल्या माणसांनी आपल्याच दुकानातून घ्यायचं. सहकारी दुकानांच्या पाटीवर काय असायचं? एक सताड उघडा डोळा आणि 'परमेश्वरासाठी पवित्र' असे शब्द. उधारी मागायची कोणाची हिंमत व्हावी!

याला विरोध केला तो त्यांच्यातल्याच व्यापाऱ्यांनी आणि लेखकांनी. विल्यम गॉडबी आणि मंडळी म्हणाली, धर्म सांगा, पण आम्ही कुठून काय विकत घ्यावं हे सांगू नका, खाणी काढा, बाहेरच्यांशी व्यापार करा. १८६९ मध्येच त्यांना चर्चमधून काढलं.

म्हणजे ज्यांना मिसूरीने हाकललं त्यांनी तीस वर्षांत स्वतःची हाकलण्याची यंत्रणा तयार केली. सायलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे.

खडूस_काका | रविवार, सकाळी ९:५२

नाना, आमचे वडील सहकारी भांडाराचे सेक्रेटरी होते. डोळा लावला असता तर रॉकेल तरी टिकलं असतं.

चौकस_नाना | रविवार, सकाळी १०:१०

:) काका, तुमच्यासाठी एक. दक्षिण यूटात ऑर्डरव्हिल नावाचं गाव १८७५ ते १८८५ पूर्ण सामायिक पद्धतीने चाललं. एकत्र जेवणघर, घरचं विणलेलं कापड, खाजगी मालकी नाही. तिथली एक गोष्ट लोक सांगतात. एका पोराने कोकरांच्या कापून टाकलेल्या शेपट्यांची लोकर गुपचूप जमवून विकली आणि बाहेरच्या दुकानातून फॅशनची विजार आणली. पंचांनी त्याला बोलावलं, उद्योगीपणाचं कौतुक केलं आणि विजार उसवली. म्हणे आता तिचा नमुना करू, पुढच्या विजारी सगळ्यांच्या अशाच. मग जुन्या विजारी कोणाला घालवेनात आणि शिंपीखात्याची वाट लागली.

खरीखोटी देव जाणे. पण बेगमीचा समाज कशाने ढासळतो ते मला यात दिसतं. उपासमार सोसवते, शेजाऱ्याची नवी विजार सोसवत नाही.

पाटलीणबाई | रविवार, दुपारी १२:४०

सगळे पुरुषांचीच नावं घेताहात. यांच्या बायकांनी काय केलं ते कुठे आहे? माझ्या माहितीत रिलीफ सोसायटी म्हणून त्यांची बायकांची संघटना १८४२ पासूनची. १८७६ मध्ये यंगने गहू साठवायचं काम त्यांच्यावर सोपवलं, एमेलिन वेल्स पुढे होत्या. बायकांनी शेतात सांडलेली कणसं वेचली, अंडी विकून पैसे जमवले, कोठारं बांधली. आणि ते गहू कुलपात ठेवून बसल्या नाहीत. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात पाठवला, चीनच्या दुष्काळात पाठवला. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये दोन लाखांहून जास्त बुशेल गहू अमेरिकन सरकारला विकला. एक बुशेल २७ किलो धरा, करा हिशेब.

आणि नाना, 'स्वतःची हाकलण्याची यंत्रणा' एवढ्यावर थांबू नका. त्यांच्यावर दुसरा घाला आला तो १८८७ मध्ये. बहुपत्नीत्वाच्या कारणावरून अमेरिकन काँग्रेसने कायदा करून चर्चची संस्था म्हणून मान्यताच काढली, ५० हजार डॉलरवरची मालमत्ता जप्तीला पात्र ठरवली. गरीब सभासदांना युरोपातून आणायचा त्यांचा फिरता कर्जनिधी होता, १८४९ पासूनचा, तोही बरखास्त. धान्याचं कोठार भरलेलं असून काय उपयोग, खातं गोठलं तर? शेवटी १८९० मध्ये बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं आणि १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. (बहुपत्नीत्व गेलं ते उत्तमच. तो वेगळा धागा.)

निळाई | रविवार, दुपारी ३:०५

सकाळपासून लिहू की नको करत होते.

माझी आजी मराठवाड्यातली. १९५६ नंतर आमच्या वस्तीने धम्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढायचं, सांगावे घेऊन पळायचं थांबवलं. गावाने काय केलं? मजुरी बंद. दुकानदार माल देईना. गिरणीत दळण घेईनात. रानातल्या वाटेने जायचं नाही, जळण तोडायचं नाही. हे काही आमच्याच गावाने शोधून काढलेलं नव्हतं. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचा १९३० चा अहवाल आहे, बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्यात वाटा अडवणं, वाण्याने माल न देणं, ही बहिष्काराची हत्यारं जशीच्या तशी लिहून ठेवलीत.

सायली, तुझ्या आजीच्या तळघराबद्दल राग नाही. पण बेगमी करायला आधी शिल्लक लागते. आमच्या आजीच्या घरात बलुत्याचं वर्षाकाठी मिळणारं धान्य होतं आणि धर्म बदलल्याबरोबर पहिलं तेच बंद झालं. तिने काय साठवलं असतं?

तरी लोक टिकले. आजी सांगायची त्याप्रमाणे: मुंबईला गिरणीत असलेल्या दिराची मनीऑर्डर. आठ मैलांवरच्या दुसऱ्या गावचा बाजार, तिथे कोणी ओळखत नव्हतं. घरात जातं होतं म्हणून गिरणीवाचून अडलं नाही. आणि वस्तीतल्या पाच घरांची एक चूल, दोन महिने. मोठी माणसं एकवेळ जेवायची. पोरांची शाळा एक दिवस बुडू दिली नाही. आजोबा म्हणायचे, त्यांना नेमकं तेच बंद पाडायचंय.

म्हणून माझ्या लेखी तयारी म्हणजे शाळा, गावाबाहेरची नोकरी आणि स्वतःच्या नावावरची जमीन. १९५९ आणि १९६४ चा दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यासाठीच तर होता. आणि धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या त्या १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. तेही बाहेर काढणंच होतं, फक्त कागदावरचं.

आजीला विचार: वेळ आली तर भिंतीपलीकडच्याला देणार का? आणि चर्चमधून काढलेल्याला?

मधुरा_के | रविवार, दुपारी ३:३०

निळाई, लिहिलंस ते बरं केलंस. 🙏

भटक्या_विमुक्त | रविवार, संध्याकाळी ६:२०

नाना आणि निळाई यांच्या मधला एक धागा मुंबईतच आहे. दाऊदी बोहऱ्यांचं बघा. बिनव्याजी कर्ज, सामुदायिक स्वयंपाकघर, एकमेकांना धंद्यात उभं करणं, हे सगळं वाखाणण्यासारखं. पण त्याच समाजात धर्मगुरूंशी बिनसलं की बहिष्कार, दफनभूमीसुद्धा बंद. मुंबई सरकारने १९४९ मध्ये असं वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. त्यांचे धर्मगुरू सय्यदना कोर्टात गेले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला, धर्माच्या अंतर्गत शिस्तीचा हक्क म्हणून. मग महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारबंदीचा कायदा पुन्हा केला तो २०१६ मध्ये, मुख्यतः जातपंचायतींच्या जाचामुळे.

ज्या पंचाच्या हातात तुमच्या पोराची फी आणि तुमच्या दुकानाचं भांडवल, त्याच्याशी वाद घालायला किती जण धजावतील?

डब्लिनकर | रविवार, रात्री ८:४५

आणि पैशाचं काय? मॉर्मन चर्चचा राखीव गुंतवणूक निधी १०० अब्ज डॉलरच्या घरात असल्याचं २०१९ मध्ये त्यांच्याच एका माजी कर्मचाऱ्याने उघड केलं. अडीअडचणीसाठी ठेवलाय म्हणतात. आकार लपवायला वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने कागद भरले म्हणून २०२३ मध्ये अमेरिकन बाजार नियामकाने चर्च आणि तिची गुंतवणूक संस्था यांना मिळून ५० लाख डॉलर दंड केला. आजी महिन्याला दोन जेवणं सोडतेय आणि वर एवढं मोठं पेव! दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारं उघडली म्हणून नाव राहिलं. भरून ठेवली असती तर कोणी विचारलं असतं?

पाटलीणबाई | रविवार, रात्री ९:१०

डब्लिनकर, अर्धं पटलं. १८८७ ला सगळं जप्त झालेली संस्था पैसा उघड्यावर ठेवायला कचरणारच. पण आपल्याच सभासदांना न सांगणं नाही पटलं.

खडूस_काका | सोमवार, सकाळी ६:५०

साठ्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. जून १९७६ मध्ये आयडाहोत टेटन धरण फुटलं. खालची रेक्सबर्ग वगैरे गावं बहुतेक मॉर्मन. जन्मभर जमवलेलं तळघरात, आणि पाणी आधी शिरलं तळघरातच. जेवण मिळालं ते टेकडीवरच्या त्यांच्या रिक्स कॉलेजात, तिथल्या खानावळीने आठवडेच्या आठवडे पूरग्रस्तांना जेवू घातलं. शेजारच्या वॉर्डांमधून माणसं फावडी घेऊन आली.

म्हणून सगळं एका जागी ठेवू नये. आमच्या पेवातही एकदा पावसाचं पाणी शिरलं होतं. आंबलेल्या ज्वारीचा वास महिनाभर गेला नाही.

यूटावाली_सायली | बुधवार, रात्री १०:३५

उशीर झाला, माफ करा. निळाईताई, तुमचे दोन्ही प्रश्न मी आजीला विचारले. जेवायला बोलावलं होतं, वरणभात आणि बटाट्याची भाजी.

पहिल्या प्रश्नाला तिने फोन काढून फोटो दाखवला. तिच्या फ्रिजवर प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद असतो, गल्लीतल्या चौदा घरांचा नकाशा. प्रत्येक घरात माणसं किती, औषधं कोणती, जनरेटर कोणाकडे, नर्स कोण. चौदातली तीन घरं त्यांच्या चर्चची नाहीत, त्यातलं एक आमचं. आमच्या चौकोनात लिहिलेलं: 'चार माणसं. मांस खात नाहीत. आजी, इन्सुलिन.' सासूबाई येऊन सहा महिनेच झालेत. मला बरं वाटलं, आणि खरं सांगते, पाठीतून जराशी शिरशिरीही गेली. ही यादी मी कधी भरून दिली नव्हती.

मग दुसरा प्रश्न. तिने वरणात लिंबू पिळलं, बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या मधल्या मुलाने चर्च सोडलंय, हे नऊ वर्षांत मला माहीत नव्हतं. काढलं नाही, त्यानेच नाव काढून घेतलं. १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना यांच्यात पौरोहित्य मिळत नव्हतं, मंदिरातल्या मुख्य विधींना काळ्यांना मज्जाव होता. त्यावरून बापाशी वाद, मग आणखी काय काय. आता तो आयडाहोत राहतो. त्याच्या वाटचे डबे ती अजून दरवर्षी भरते, वेगळ्या रॅकवर.

मी विचारलं, त्याच्या गल्लीतही असा कागद असेल ना?

"असेल," म्हणाली. "त्याचा चौकोन कोणी भरला असेल का, ते मला विचारवत नाही."

निळाई | बुधवार, रात्री ११:१५

आजींना माझा जयभीम सांग. अर्थ समजावून सांगायला लागेल तुला.

खडूस_काका | गुरुवार, सकाळी ६:४०

सायली, ती चक्की हाताने फिरवायची आहे म्हणालीस, तिची पाती दगडाची की लोखंडाची? पुतण्या डेन्व्हरला असतो, त्याला सांगेन म्हणतो. आणि तासभर कणीक भिजवलीस ती कोमट पाण्यात की गार?